‘काढणे’ला इंग्रजीत काय म्हणतात?

शर्ट काढ. कपाटातून रजई काढ. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढ. त्याच्या हातातला मोबाइल काढून घे. आणि आता तो विषय काढू नकोस.

मराठीत पाचही ठिकाणी ‘काढणे’. इंग्रजीत अनुक्रमे ‘टेक ऑफ’, ‘टेक आउट’, ‘टेक डाउन’, ‘टेक अवे’ आणि शेवटी ‘टेक’ सोडून थेट ‘ब्रिंग अप’. फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदाचा, आपला घोळ नेमका इथे होतो. बाजारातल्या याद्या इंग्रजी क्रियापदांवरून लावलेल्या असतात: ‘टेक’ची पंधरा, ‘गेट’ची तीस, ‘लुक’ची बारा. त्या पाठ करणारा माणूस बोलताना मात्र उलट्या टोकाला उभा असतो. त्याच्या डोक्यात आधी ‘काढणे’ येतं आणि पंधरांतलं कोणतं उचलायचं ते कळत नाही. म्हणून मराठी माणसाने ही जुळवाजुळव मराठी क्रियापदाकडूनच करायला हवी.

लिपीचा एक खुलासा. ‘ऑफ’ म्हणजे दोन एफचं, सुटणं दाखवणारं. ‘ऑव्ह’ म्हणजे एका एफचं, ‘चा-ची-चे’वालं. मराठीत दोन्ही ‘ऑफ’ असंच लिहायची सवय आहे, पण या विषयात ते चालणार नाही.

‘काढणे’चं उत्तर ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: काढण्याआधी ती वस्तू कुठे होती? अंगावर किंवा पृष्ठभागावर असेल तर ‘ऑफ’: चप्पल, चष्मा, डब्याचं झाकण, बाटलीवरचं लेबल. आत असेल तर ‘आउट’: खिशातली चावी, हिरडीतला दात. उंचावर टांगलेली असेल तर ‘डाउन’: पडदे, तसबीर, दिवाळीनंतरचा आकाशकंदील. दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि त्याला ती परत मिळू द्यायची नसेल तर ‘अवे’.

हा प्रश्न किती बारीक काम करतो ते डागावरून दिसतं. टेबलावरची धूळ ‘वाइप ऑफ’ होते, बुटाचा चिखल ‘वॉश ऑफ’ होतो, कारण दोन्ही वरवर बसलेले असतात. पण सदऱ्यावरचा हळदीचा डाग ‘कम आउट’ होत नाही, म्हणजे निघत नाही, कारण तो धाग्यांत मुरलेला असतो. ‘गेट द स्टेन आउट’ म्हणणाऱ्याच्या मनात डाग कापडाच्या आत आहे. मराठीत ‘डाग काढ’ आणि ‘धूळ काढ’ या दोन आज्ञांत हा फरक ऐकू येत नाही. इंग्रजीत तो छोट्या शब्दावर उभा आहे.

वस्तू सोडून माणसांकडे आलं की ‘काढणे’ आणखी फुटतं. नोकरीवरून काढलं, पण कशामुळे? कंपनीकडे काम किंवा पैसा नाही म्हणून माणसं कमी केली तर ‘ले ऑफ’. त्यात त्या माणसाचा दोष नसतो. चूक, गैरवर्तन किंवा वाईट काम हे कारण असेल तर ‘फायर’, त्याला मागे काही लागत नाही. नव्या ठिकाणच्या मुलाखतीत ‘आय वॉज लेड ऑफ’ऐवजी ‘आय वॉज फायर्ड’ म्हणणारा उमेदवार स्वतःवर नसलेला आरोप ओढवून घेतो. घरातून किंवा खोलीतून हाकलून काढलं तर ‘थ्रो आउट’. एखाद्या कामातून अंग काढून घेतलं तर दोन वाटा आहेत. आधी कबूल करून ऐन वेळी मागे हटणं म्हणजे ‘बॅक आउट’, त्यात शब्द मोडल्याची छटा आहे. स्पर्धेतून किंवा करारातून नुसतं बाहेर पडणं ‘पुल आउट’, मग कारण दुखापतीचंही असू शकतं.

‘कसेबसे दिवस काढणे’ याला ‘गेट बाय’: थोड्या पैशांत, थोड्या साधनांत भागवणं. ‘गेट थ्रू’ वेगळं. त्यात एक कठीण काळ असतो, त्याला पलीकडचं टोक असतं आणि आपण तिथे पोहोचतो. परीक्षेचा आठवडा ‘गेट थ्रू’ होतो. महिना दहा हजारांत ‘गेट बाय’ होतो.

आता मराठीतली दुसरी सोय. आपण एका क्रियापदाला दुसरं जोडून संयुक्त क्रियापद करतो: खाऊन टाक, लिहून घे, शोधून काढ. यातलं दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ बरंचसं सोडून पहिल्याला दिशा किंवा शेवट देतं. ‘खाऊन टाक’मध्ये काही टाकायचं नसतं. इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ करतात. फ्रेझल व्हर्ब परकी वाटतात, पण त्यामागची जाण आपल्याकडे लहानपणापासून असते.

फाडण्याचं उदाहरण घ्या. ‘पत्र फाडून टाक’ म्हणजे तुकडे कर: ‘टिअर अप’. ‘वहीतलं पान फाडून काढ’ म्हणजे आतून वेगळं कर, पान अखंड राहू दे: ‘टिअर आउट’. पावतीचा खालचा भाग फाडून घ्यायचा असेल तर ‘टिअर ऑफ’. भिंतीवरचं पोस्टर फाडून खाली ओढलं तर ‘टिअर डाउन’, आणि जुनी इमारत पाडली तरी ‘टिअर डाउन’च. ‘टाकणे’ आणि ‘काढणे’ यांतला फरक ज्याला कळतो त्याला ‘अप’ आणि ‘आउट’मधला कळायला अडचण नाही.

कापण्याचंही असंच. झाड तोडलं, ते उभ्याचं आडवं झालं: ‘कट डाउन’. मग त्याच झाडाचे ओंडके केले: ‘कट अप’. एकाच झाडाचं आधी ‘डाउन’ होतं आणि मग ‘अप’, आणि त्यात विरोध काहीच नाही. ‘डाउन’ दिशा दाखवतं, ‘अप’ पूर्णत्व. वर्तमानपत्रातून कात्रण कापलं तर ‘कट आउट’. बिल थकलं म्हणून वीज तोडली तर ‘कट ऑफ’. साखर कमी केली तर ‘कट डाउन ऑन शुगर’. इथे ‘ऑन’ विसरलात तर साखरेचं झाड आडवं केल्यासारखं होतं.

लिहिण्यात तर चार पायऱ्या आहेत. फोनवर सांगितलेला पत्ता लिहून घेणं म्हणजे ‘राइट डाउन’. दुसरा सांगत असताना त्याचे शब्द उतरवून घ्यायचे असतील तर ‘टेक डाउन’ही चालतं. संपूर्ण मजकूर, काही न गाळता लिहून काढणं ‘राइट आउट’. कच्च्या टिपांवरून नीट अहवाल तयार करणं ‘राइट अप’. आणि ‘राइट ऑफ’ म्हणजे हिशेबातून काढून टाकणं. यावर थोडं थांबायला हवं, कारण बातम्या वाचताना इथे मोठा गैरसमज होतो. बँकेने एखादं कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे ते माफ केलं असं नाही. बँक ते आपल्या ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणेदारी कायम राहते आणि वसुलीही सुरू राहू शकते. मराठीत याला निर्लेखन हा नेमका शब्द आहे. राज्य सरकारने 2017 आणि 2019 मध्ये शेतकऱ्यांसाठी आणल्या त्या कर्जमाफीच्या योजना होत्या. माफीला इंग्रजीत ‘वेव्हर’ म्हणतात, आणि तिथे कर्जदाराचं देणं खरोखर कमी होतं. निर्लेखनाच्या बातमीला ‘कर्जमाफी’ असा मथळा दिला की वाचणाऱ्याचा समज पूर्ण उलटा होतो.

संयुक्त क्रियापद आणि ‘अप’-‘आउट’ यांची ही जोडी सगळीकडे लागू पडते असं मात्र समजू नका. ‘पिक अप’मधलं ‘अप’ खरोखर वर उचलणारं आहे, आणि ‘गिव्ह अप’मध्ये ‘टाकणे’पेक्षा ‘सोडणे’ जास्त आहे. अर्थ ओळखायला संयुक्त क्रियापद उपयोगी पडतं, पण नवं फ्रेझल व्हर्ब स्वतः बनवायला ते वापरू नये.

‘भरणे’कडे येऊ, कारण ‘फॉर्म फिलअप कर’ हे आता मराठीच झालं आहे. भारतात ते सर्रास चालतं, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला विचित्र वाटतं. त्यांच्याकडे ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणं: पेट्रोलची टाकी, पाण्याची बाटली. फॉर्म ब्रिटनमध्ये मुख्यतः ‘फिल इन’ होतो, अमेरिकेत ‘फिल आउट’. दोन्हींचा अर्थ एकच, तेव्हा यात बरोबर-चूक शोधू नका. पण फॉर्ममधली एकच रिकामी जागा भरायची असेल तर ‘फिल इन’ हेच. एक चौकोन ‘फिल आउट’ होत नाही. माणसाच्या बाबतीत ‘फिल मी इन’ म्हणजे मला काय घडलं ते सांग, आणि ‘फिल इन फॉर हर’ म्हणजे तिच्या जागी तात्पुरतं काम कर.

पैसे भरण्यात आणखी तीन आहेत. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडून मोकळं होणं. ‘पे बॅक’मध्ये लक्ष माणसावर असतं: ज्याच्याकडून घेतले त्याला परत. ‘पे अप’ म्हणजे मागणी झाल्यावर, बहुतेक वेळा नाखुशीने, पैसे काढून देणं. ग्राहकाला नम्र स्मरणपत्र लिहिताना ‘प्लीज पे अप’ लिहू नका. ते दमदाटीसारखं वाचलं जातं.

‘नुकसान भरून काढणे’ला ‘मेक अप फॉर’. इथे तिन्ही शब्द लागतात. ‘फॉर’ गळलं की ‘मेक अप’ उरतं आणि त्याचा अर्थ होतो रचून सांगणं: ‘शी मेड अप अ स्टोरी’. भांडणानंतर समेट झाला तरी ‘दे मेड अप’.

उतरणे आणि चढणे यांचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, ज्यात वाकून बसावं लागतं त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑव्ह’. म्हणून बस, लोकल, विमान, जहाज ‘ऑन-ऑफ’. कार, रिक्षा, छोटी होडी ‘इन-आउट’. सायकल, मोटरसायकल, घोडा यांच्यावर आपण बसतो, त्यामुळे तीही ‘ऑन-ऑफ’. लिफ्ट नियमाबाहेरची: उभे राहतो, तरी ‘गेट इन’ही म्हणतात. आपल्याकडचं ‘गेट डाउन अ‍ॅट नेक्स्ट स्टॉप’ भारतात कुणालाही समजतं. इतरत्र ‘गेट डाउन’ म्हणजे शिडीवरून किंवा झाडावरून खाली येणं, नाहीतर धोक्याच्या वेळी ‘खाली वाक!’. बाहेरदेशी बसचालकाला ‘आय वॉन्ट टू गेट ऑफ हिअर’ म्हणावं.

सगळ्यात जास्त गोंधळ मला ‘गो ऑफ’मध्ये दिसतो, कारण ते बंद होणंही दाखवतं आणि वाजणंही. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. बॉम्ब ‘गो ऑफ’ झाला तर फुटला. ब्रिटनमध्ये दूध ‘गो ऑफ’ झालं तर नासलं. हे पाठ करण्यापेक्षा वस्तूची जात पाहावी. जी सतत चालू असते तिचं ‘ऑफ’ म्हणजे थांबणं. जी दबा धरून बसलेली असते, गजर, सापळा, फटाका, बंदूक, तिचं ‘ऑफ’ म्हणजे सुटणं. गजर ‘बंद केला’ म्हणायचं तर ‘टर्न ऑफ द अलार्म’.

‘गो आउट’ हे ज्योतीचं आहे: मेणबत्ती, शेगडी, वणवा. विझवणारा कुणी असेल तर ‘पुट आउट’. अग्निशमन दलाने आग ‘पुट आउट’ केली, ‘टर्न ऑफ’ नाही. ‘टर्न ऑफ’ला बटण किंवा कळ लागते. गॅसच्या शेगडीला कळ असते म्हणून ती ‘टर्न ऑफ’ होते, आणि वाऱ्याने आपोआप विझली तर ‘गो आउट’. विजेला दोन्ही चालतात: ‘द पॉवर वेंट आउट’, ‘द पॉवर वेंट ऑफ’. परत आली की ‘केम बॅक ऑन’.

इथे एक जोडीचा नमुना दिसतो: घडवणारं एक, घडणारं एक. ‘पुट आउट’ केलं की ‘गो आउट’ होतं. ‘ब्रिंग अप’ केलं, वाढवलं, की मूल ‘ग्रो अप’ होतं. म्हणून ‘माझं बालपण नाशिकला गेलं’ याला ‘आय ग्रू अप इन नाशिक’ किंवा ‘आय वॉज ब्रॉट अप इन नाशिक’. ‘आय ब्रॉट अप इन नाशिक’ चूक. वाचणारा विचारेल, कुणाला वाढवलं? मराठीत ‘वाढलो’ आणि ‘वाढवलं’ असा ‘व’चा फरक असतो, इंग्रजीत क्रियापदच बदलतं.

शोधण्याचं थोडक्यात. हरवलेली चावी ‘लुक फॉर’. शब्दाचा अर्थ, गाडीची वेळ, फोन नंबर, म्हणजे कुठेतरी आधीच नोंदलेली माहिती, ‘लुक अप’. तक्रारीची चौकशी ‘लुक इनटू’. आणि ‘फाइंड आउट’ फक्त माहितीचं असतं, वस्तूचं नाही. ‘आय फाउंड आउट माय कीज’ ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे; चावी नुसती ‘फाइंड’ होते. ‘फाइंड आउट’ला बाहेरून उत्तर मिळतं: विचारून, वाचून. ‘फिगर आउट’ला ते स्वतःच्या डोक्यातून येतं. ‘वर्क आउट’मध्ये पायऱ्या असतात: हिशेब, वेळापत्रक, खर्च. ‘मेक आउट’ म्हणजे धुक्यातून, गोंगाटातून किंवा डॉक्टरांच्या अक्षरातून कसंबसं ओळखता येणं.

‘सोडणे’ला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांची गल्लत होते. तंबाखू सोडली, प्रयत्न सोडला: ‘गिव्ह अप’. समोरच्याच्या हट्टापुढे नमलो: ‘गिव्ह इन’, आणि कुणापुढे ते सांगायचं तर ‘गिव्ह इन टू’. पहिल्यात समोर कुणी असण्याची गरज नाही, दुसऱ्यात असावं लागतं. ‘मला स्टेशनला सोड’ असेल तर ‘ड्रॉप मी ऑफ’. पण पाहुण्यांना सोडायला फलाटापर्यंत गेलो, गाडी हलेपर्यंत थांबलो, हात हलवला, तर ‘सी ऑफ’. यादीतून एक नाव सुटलं तर ‘लेफ्ट आउट’.

एक छोटी जागा, जिथे एका शब्दाने भांडण होऊ शकतं. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे तो झेलेल असा टाक. ‘थ्रो द बॉल अ‍ॅट हिम’ म्हणजे त्याला मार. ‘शाउट टू’ म्हणजे लांबून हाक मारणं, ‘शाउट अ‍ॅट’ म्हणजे अंगावर ओरडणं. वरिष्ठांविषयी लिहिताना हे तपासून घ्या.

आता ‘इट’ कुठे ठेवायचं. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही बरोबर. पण नावाऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ कधीच नाही. उलट ‘लुक फॉर’, ‘लुक आफ्टर’, ‘गेट ऑफ’ यांच्यात मध्ये काही शिरत नाही: ‘लुक फॉर इट’. कोणतं कुठल्या गटातलं हे शिकाऊ वाचकांसाठीच्या शब्दकोशांत दिलेलं असतं. ‘समथिंग’चं संक्षिप्त रूप क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या मध्ये छापलेलं दिसलं तर तोडता येतं; नेहमी शेवटीच दिसलं तर नाही. तोडता येणारं असलं तरी कर्म फार लांबलचक असेल तर ते शेवटीच ठेवा, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत वाचणारा क्रियापद विसरतो. कानालाही खूण मिळते: ‘पिक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर येतो, ‘लुक फॉर इट’मध्ये ‘लुक’वर.

कार्यालयीन मेलमध्ये याचाच दुसरा भाग चुकतो. क्रियापद असेल तेव्हा दोन शब्द सुटे: ‘लॉग इन’, ‘सेट अप’, ‘बॅक अप’. नाम असेल तेव्हा जोडून, आणि जोर पहिल्या भागावर: लॉगिन, सेटअप, बॅकअप. भूतकाळाचा प्रत्यय नेहमी पहिल्या शब्दाला: ‘लॉग्ड इन’, ‘बॅक्ड अप’. ‘बॅकअप्ड’ असं रूप नाही.

वही ठेवायची असेल तर डावीकडे पूर्ण मराठी वाक्य लिहा, नुसतं क्रियापद नाही. उजवीकडे इंग्रजी वाक्य, कर्मासकट. त्याखाली त्याच मराठी क्रियापदाचं दुसरं वाक्य, ज्याला वेगळा छोटा शब्द लागतो. ‘डाग काढला’च्या खाली ‘धूळ काढली’. दिवसाला अशा दोन जोड्या पुरतात. वीस लिहिल्या तर सगळे ‘आउट’ एकमेकांत मिसळतात.

शेवटी मराठी आणि एकूणच भारतीय इंग्रजीत घट्ट बसलेली काही रूपं. ‘कोप अप विथ’मधलं ‘अप’ जादा आहे. ‘कोप विथ’ पुरे. ते बहुधा ‘कीप अप विथ’वरून चिकटत असावं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’मध्ये ‘हिअरिंग’ हवं, कारण त्या ‘टू’नंतर नाम येतं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ म्हणता येतं हीच त्याची चाचणी. बैठक ‘पुट ऑफ’ झाली म्हणजे पुढे ढकलली, ‘कॉल ऑफ’ झाली म्हणजे रद्द. अलीकडे घेतली तर आपण ‘प्रीपोन’ म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे आणि भारतात जरूर वापरावा, पण परदेशी मेलमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.

आणि ‘पास आउट’. लष्करी प्रबोधिनीतून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला ते ब्रिटिश इंग्रजीतही चालतं; खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा होणारं दीक्षान्त संचलन ‘पासिंग आउट परेड’च असतं. तिथून ते आपल्या कॉलेजांना लागू करणं सहज आहे. पण भारताबाहेर बहुतेकांच्या कानाला ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणजे ‘2019 मध्ये मी बेशुद्ध पडलो’. परदेशी जाणाऱ्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड इन 2019’ लिहा.